दूरस्थ अलाइनर उपचारात जवळचा दंतवैद्य आधीच ठरलेला असावा

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

पारदर्शक अलाइनरने, म्हणजे दातांवर चढवायच्या प्लास्टिकच्या ट्रेंनी, दात सरळ करण्याचे उपचार आता अनेक रुग्ण घरी राहूनच घेऊ लागले आहेत. सुरुवातीला दातांचे स्कॅन होते, दूरच्या शहरातले ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) संगणकावर आराखडा तयार करतात, ट्रेचे संच घरपोच येतात आणि पुढची देखरेख रुग्णाने मोबाइलवर काढून पाठवलेल्या छायाचित्रांवरून चालते. दंतवैद्य म्हणून या पद्धतीला माझा विरोध नाही. ज्यांच्या जवळपास ऑर्थोडॉन्टिस्ट नाहीत किंवा ज्यांना कामातून वारंवार रजा घेता येत नाही, त्यांची तिने मोठी सोय केली आहे. शिवाय छायाचित्रे दर आठवड्याला खरोखरच पाहिली जात असतील, तर एखादा दात ट्रेप्रमाणे सरकत नसल्याचे महिन्या-दोन महिन्यांनी होणाऱ्या भेटीपेक्षा लवकर लक्षात येऊ शकते. माझा आग्रह एका गोष्टीचा आहे. पहिला ट्रे दातांवर चढण्याआधी जवळचा एक दंतवैद्य त्या उपचारात ठरलेला असावा आणि त्याने काय करायचे हे लेखी असावे.

एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. तो दिवसातले २० ते २२ तास लावून ठेवायचा असतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचा असतो. या काळात मुळाच्या एका बाजूचे हाड झिजते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते. म्हणजे उपचाराचा महत्त्वाचा भाग हिरडीच्या आत घडतो, जिथे कॅमेरा पोहोचत नाही. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीची खोली उपकरणाने मोजावी लागते. हाड किती शिल्लक आहे, एखादा दात आत अडकलेला आहे का, मुळे आखूड होत आहेत का, हे एक्स-रेशिवाय समजत नाही. चावताना दाढा एकमेकींवर नीट टेकतात का, हे तोंडात रंगीत कागद धरून पाहावे लागते, आणि अलाइनरच्या उपचारात मागच्या दाढा एकमेकींपासून सुटणे हा काही दुर्मीळ प्रकार नाही. हिरड्यांना सूज आणि संसर्ग असताना दात हलवले, तर आधीच कमी झालेले हाड अधिक वेगाने कमी होऊ शकते. अशा रुग्णाचे समोरचे दात छायाचित्रात मात्र दर महिन्याला अधिकाधिक सरळ दिसत राहतात.

त्याशिवाय काही कामे हातानेच करावी लागतात. दाताला वळवण्यासाठी किंवा खाली ओढण्यासाठी त्यावर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. आम्ही त्यांना अटॅचमेंट म्हणतो, बरेच रुग्ण बटण म्हणतात. जागा कमी असेल, तर दोन दातांच्या मधले इनॅमल (दातावरचे कठीण आवरण) मिलिमीटरच्या काही दशांशाइतके घासून काढतात. ही कामे छायाचित्रे पाहून होत नाहीत, आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते. अटॅचमेंट निघाली की रुग्ण जवळच्या दवाखान्यात जाऊन ती पुन्हा बसवून मागतो आणि पुष्कळदा त्याला ‘ज्यांनी उपचार सुरू केले त्यांच्याकडेच जा’ असे उत्तर मिळते.

हे उत्तर रुग्णाला किती असहाय करते, याची मला जाणीव आहे. तरीही त्यामागे केवळ अनास्था नसते, हे वाचकांपुढे मांडणे मला आवश्यक वाटते. अटॅचमेंटचा आकार आणि जागा आराखड्यात ठरलेली असते आणि ती बसवण्यासाठी वेगळा साचा लागतो. तो हाती नसताना अंदाजाने बसवलेल्या उंचवट्यावर पुढचा ट्रे बसेलच असे नाही. इनॅमल तर एकदा घासले की पुन्हा येत नाही, त्यामुळे कोणत्या दोन दातांमध्ये किती घासायचे याची लेखी सूचना नसताना त्याला हात लावणे योग्य नाही. दुसऱ्याने आखलेल्या उपचारात उद्या काही बिघडले, तर उत्तर कोणी द्यायचे, हेही ठरलेले नसते. या तीन गोष्टी आधी मिटल्या, तर मदत करायला तयार होणारे दंतवैद्य बरेच सापडतील, असे मला मनापासून वाटते.

ही काळजी काल्पनिक नाही. दूरस्थ पद्धतीने अलाइनर देणाऱ्या, २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्माइलडायरेक्टक्लब या अमेरिकन कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कामकाज बंद केले. उपचार अर्ध्यावर असलेल्या ग्राहकांना आता स्थानिक दंतवैद्याचा सल्ला घ्या असे सांगण्यात आले, आणि हप्ते भरणाऱ्यांनी मात्र ते भरत राहावे अशी अपेक्षा ठेवली गेली. स्थानिक दंतवैद्याची आठवण उपचार कोसळल्यावर व्हावी, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

म्हणून रुग्णांना माझी विनंती आहे की, पैसे भरण्यापूर्वी कंपनीला स्पष्ट विचारावे: माझी तोंडाची तपासणी आणि एक्स-रे कोण करणार, अटॅचमेंट कोण बसवणार, दुखले तर मी कोणाकडे जायचे, आणि या कामांचे शुल्क कोण देणार? आराखडा तयार करणाऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचे नाव आणि त्यांच्याशी थेट बोलण्याचा मार्ग मिळत नसेल, तर तिथे उपचार सुरूच करू नयेत. किडलेले दात, मोठी फिलिंग आणि कॅप यांची कामे स्कॅनच्या आधी उरकून घ्यावीत, कारण नंतर दाताचा आकार बदलला की पुढचे सगळे ट्रे सैल किंवा घट्ट होऊ शकतात.

ज्यांचे उपचार आधीच सुरू आहेत, त्यांनी आपली पूर्ण नोंद मागून घ्यावी: एक्स-रे, स्कॅनची मूळ फाइल, एकूण ट्रे किती आणि सध्याचा कितवा, अटॅचमेंटचा तक्ता आणि इनॅमल कुठे किती घासायचे याची मापे. ही नोंद घेऊन जवळच्या दंतवैद्याकडे गेल्यास त्याला निर्णय घेता येतो. ट्रे दातावर पूर्ण बसत नसेल, तर पुढचा ट्रे चढवू नये. मागचे ट्रेही फेकू नयेत, कारण कित्येकदा नीट बसणाऱ्या शेवटच्या ट्रेवरच काही दिवस दात धरून ठेवावे लागतात.

उपचार संपल्यावरही जवळच्या दंतवैद्याची गरज उरतेच. हिरडीतले तंतू नव्या जागी स्थिरावायला अनेक महिने लागतात, तोवर दात जुन्या जागेकडे ओढले जातात, आणि त्यानंतरही रात्रीचा रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन) वर्षानुवर्षे वापरावा लागतो. तो तडकतो, हरवतो, सैल होतो. तोपर्यंत कंपनीच्या अ‍ॅपवरचे रुग्णाचे खाते बहुधा बंद झालेले असते.

दंतवैद्यांच्या संघटनांनी यात पुढाकार घ्यावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे. अशा रुग्णांना मदत करण्यास तयार असलेल्या दंतवैद्यांची यादी संघटना करू शकतात. तसेच ऑर्थोडॉन्टिस्ट, स्थानिक दंतवैद्य आणि रुग्ण या तिघांच्या सह्यांचा एकच सोपा करारनामा त्यांनी तयार करावा. आराखड्यात बदल करण्याचा अधिकार ऑर्थोडॉन्टिस्टचा, पण हिरड्या किंवा हाड धोक्यात दिसल्यास उपचार थांबवायला सांगण्याचा अधिकार रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या दंतवैद्याचा, हे कलम त्यात अवश्य असावे.

आपली विश्वासू,
एक दंतवैद्य