फासे टाकायचे, त्यात तयारी कसली?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची, गेली १४ वर्षं शिकागोजवळ नेपरव्हिलला राहते आणि रोज चहाबरोबर तुमचा ई-पेपर वाचते, इथली सकाळ म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळ झालेली असते. पत्र लिहायचं कारण असं की मार्चच्या अखेरीस मिलवॉकीला ॲडेप्टिकॉन नावाचं, टेबलावर खेळायच्या युद्धखेळांचं मोठं संमेलन भरतंय, त्यात मी वॉरहॅमर ४०,००० च्या स्पर्धेत उतरतेय, आणि परवा फोनवर दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं फासे टाकायचे, त्यात तयारी कसली?" त्याने चिडवायला नाही विचारलं, त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि मला फोनवर धड सांगता पण आलं नाही. तुमच्या क्रीडा पानावर बुद्धिबळ येतं, कॅरम येतो, कबड्डीचं तर सगळं येतं, पण टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या या खेळाबद्दल आतून लिहिलेलं मी मराठीत अजून वाचलेलं नाही. म्हणून दादाला द्यायचं उत्तर तुम्हालाच पाठवतेय.

आधी थोडक्यात खेळ काय ते. १९८७ साली इंग्लंडमध्ये याची पहिली आवृत्ती आली, गेम्स वर्कशॉप ही कंपनी नॉटिंगहॅमची, आणि जून २०२३ मध्ये दहावी आवृत्ती आली. टेबल ६० इंच बाय ४४ इंच, त्यावर पडक्या इमारती मांडलेल्या, आणि दोघांकडे प्रत्येकी २,००० पॉइंटची आर्मी. प्रत्येक तुकडीची किंमत पॉइंटमध्ये ठरलेली असते, आणि ती दर तीनेक महिन्यांनी बदलते सुद्धा, त्यामुळे डिसेंबरमध्ये बसवलेली तुकड्यांची लिस्ट मार्चमध्ये तशीच चालेल याची खात्री नसते. डाव ५ फेऱ्यांचा. आणि दादा, नीट ऐक, जास्त माणसं मारणारा जिंकत नाही. टेबलावर ठरलेल्या जागा असतात, त्या ज्याच्या ताब्यात राहतात त्याला डावाचे पॉइंट (आर्मीच्या किमतीचे पॉइंट वेगळे). गड राखायचा खेळ आहे हा.

माझी आर्मी ॲस्ट्रा मिलिटरमची, म्हणजे साधी पायदळाची माणसं आणि मागे रणगाडे. या विश्वात दोन माणसांएवढे चिलखती योद्धे आहेत, राक्षस आहेत, यंत्रं आहेत, आणि त्यांच्यासमोर माझा हा साधा शिपाई. आता हिशोब बघा. माझ्या शिपायाची गोळी लागायला फाशावर ४ किंवा वर पडावे लागतात, चिलखतीवाल्याला जखम व्हायला ५ किंवा वर, आणि त्याने ३ किंवा वर टाकले की जखम वाचली. म्हणजे निम्म्यातल्या एक तृतीयांशातल्या एक तृतीयांश, १८ गोळ्यांमागे एक जखम, आणि त्याला मारायला दोन लागतात. ३६ गोळ्यांना एक माणूस! हे गणित वहीवर मांडलं त्या दिवशी मला माझी आर्मी कळली. तोपर्यंत मी त्यांना गोळ्या झाडायला पुढे पाठवत होते आणि हरत होते. त्यांचं काम जागेवर उभं राहणं आहे, मारायचं काम मागच्या रणगाड्यांचं. तसंच ९ इंचावरून शत्रूवर धावून जाणं. दोन फासे मिळून ९ किंवा जास्त यायची शक्यता ३६ मध्ये १०, म्हणजे २८ टक्के पण नाही. एकदा परत टाकायला मिळाले तरी ४८ च्या आतच. हे ज्याला पाठ आहे तो त्या धावेच्या भरवशावर डाव लावत नाही, आणि ज्याला पाठ नाही तो नंतर म्हणतो की आज फाशांनी साथ दिली नाही.

म्हणजे फासे आहेतच, पण फाशांची तयारी करायची म्हणजे फाशांवर कमीत कमी सोडायचं, असं मी समजते.

पण खरी तयारी घड्याळाची आहे आणि ती मी अपमान गिळून शिकले. मागच्या पानगळीत इथल्याच एका छोट्या स्पर्धेत गेले होते. एका डावाला ३ तास, बुद्धिबळासारखं घड्याळ, दोघांना दीड-दीड तास. माझ्याकडे तेव्हा १२० च्या वर माणसं होती. तिसऱ्या डावात मी पॉइंटनी पुढे होते, टेबलावर माझी पकड होती, आणि तिसऱ्या फेरीच्या मध्येच माझं घड्याळ संपलं. तिथल्या नियमाप्रमाणे मग मला काही हलवता येत नव्हतं, समोरच्याने मारलं की वाचवायचे फासे तेवढे टाकायचे. तो मुलगा माझ्या लेकाच्या वयाचा, शांतपणे त्याचा डाव खेळत राहिला, माझे गडी एकेक करून उचलले गेले आणि मी हात बांधून बघत उभी. त्याची काहीच चूक नव्हती. घरी येताना गाडीत मी रडले, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर सगळा सराव घड्याळ लावूनच. ९० मिनिटांतली १० मांडणीला गेली की ८० उरतात, ५ फेऱ्या, म्हणजे फेरीला १६ मिनिटं आणि त्यातच विचार, हलवणं, गोळीबार, सगळं. लिस्ट कापून ७८ माणसांवर आणली. फासे दहा-दहाचे गठ्ठे करून वेगवेगळ्या रंगांत ठेवले म्हणजे मोजत बसायला नको. दहा शिपाई एकेक करून हलवायला लागतात म्हणून त्यांना एकत्र सरकवायची लाकडी ट्रे करून घेतली. माझ्या अधिकाऱ्यांना दर फेरीला हुकूम सोडता येतात, एका हुकमाने पायदळ ६ ऐवजी ९ इंच चालतं, आणि मी गडबडीत तेच विसरायचे, तर आता त्याची कार्डं केलीत आणि ती त्या त्या तुकडीच्या शेजारी ठेवते. गॅरेजमध्ये फोल्डिंग टेबलावर मास्किंग टेपने ६० बाय ४४ आखून ठेवलंय, ऑफिसवरून आल्यावर नुसती मांडणी करते, दहा मिनिटांत, परत उचलते, परत मांडते. नवरा म्हणतो तू रांगोळीची प्रॅक्टिस करतेयस का, आणि खरं सांगायचं तर हाताची सवय तशीच आहे, ठिपके कुठे पडणार हे हाताला माहीत झालं की डोकं दुसऱ्या विचाराला मोकळं होतं.

आता रंगाचं. डावाच्या पूर्ण १०० पॉइंटपैकी ५० ताब्यातल्या जागांचे, ४० डावात घेतलेल्या छोट्या कामगिऱ्यांचे, आणि उरलेले १० आर्मी नीट रंगवलेली असल्याचे. दहा पॉइंट म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी हातात आलेले, पण मला पॉइंटपेक्षा ते काम प्रिय आहे. सांगलीला आमच्या वाड्यात दिवाळीला किल्ला व्हायचा, लाल माती, पोती, वर हळीव पेरलेलं, आणि कुंभाराकडून आणलेले मावळे. एक वर्ष पावसाने मावळ्यांचा रंग गेला तेव्हा आजोबांनी मला काडीला कापूस गुंडाळून दिला आणि म्हणाले, तूच रंगव. मी तेव्हा नऊ वर्षांची. डोळ्याचा ठिपका कसा द्यायचा, दम धरून, हाताचं मनगट टेकवून, हे तिथे शिकले आणि आज ३२ मिलिमीटरच्या शिपायाच्या चेहऱ्याला तेच करते. इथे प्लास्टिकचे तुकडे कटरने काढून, साच्याची शिवण खरवडून, चिकटवून, मग प्रायमर, मग मूळ रंग, मग खोबणीत उतरणारा पातळ काळपट वॉश, मग कोरड्या ब्रशने कडा उजळायच्या. माझ्या शिपायांच्या पायाखालची माती गेरूच्या रंगाची आहे, मुद्दाम. स्पर्धेत कोणी विचारलं तर सांगणार आहे कुठली माती ते.

एक सूचना मात्र थंड प्रदेशातल्या सगळ्या मराठी मंडळींना. जानेवारीत गॅरेजमध्ये शून्याखाली दहा असताना स्प्रेचा प्रायमर मारू नका. मी मारला. रंग रवाळ बसला, दहा शिपाई रवा लावल्यासारखे दिसायला लागले, मग ते रबिंग अल्कोहोलमध्ये बुडवून टूथब्रशने घासून दोन रात्री साफ केले. आता प्रायमर ब्रशनेच लावते, घरात. तिकडे पुण्या-मुंबईत पावसाळ्यात दमट हवेत स्प्रेचा असाच घोळ होतो, तेव्हा तुम्ही पण जपून.

नेण्याचं पण एक शास्त्र आहे. मिलवॉकी इथून शंभरेक मैल, ट्रॅफिक नसेल तर दोन तास, पण रस्त्याच्या एका खड्ड्यात रणगाड्याची नळी तुटते. प्रत्येकाच्या तळाला लोहचुंबक चिकटवलाय आणि प्लास्टिकच्या खोक्यात खाली पत्रा घातलाय, खोकं तिरकं झालं तरी कोणी हलत नाही. तरी बरोबर सुपरग्लू, बारीक ब्रश, दोन-तीन रंग. आणि चांगले बूट! दिवसाला तीन डाव म्हणजे नऊ तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं असतं, हे कोणी आधी सांगत नाही. डब्यात दशम्या आणि चटणी नेणार आहे, हॉलमधल्या पिझ्झाच्या रांगेत उभं राहिलं तर दोन डावांमधली सुट्टी तिथेच संपते.

शेवटची तयारी बोलण्याची, आणि दादा, ही सगळ्यात अवघड. इथे प्रत्येक टेबलावर पंच नसतो, अडलं तरच हात वर करून बोलवायचा. बाकी सगळं दोघांनी आपसात. म्हणून मी रणगाडा ठेवतानाच मोठ्याने सांगते, "हा मी या भिंतीमागे असा ठेवतेय की तुझ्या त्या तोफेला दिसू नये, दिसत नाही ना?" तो वाकून बघतो, हो म्हणतो, मग नंतर अर्ध्या मिलिमीटरवरून वाद नाही. तसंच डावाच्या आधीच माझ्या आर्मीच्या खाचाखोचा त्याला सांगून टाकते, अमुक तुकडी मागून येऊ शकते, अमुक अधिकारी दोन हुकूम देतो. सुरुवातीला मला हा वेडेपणा वाटायचा, शत्रूला आपला बेत कोण सांगतं! पण समोरच्याला माहीत नव्हतं म्हणून मिळालेला विजय घरी आणून काय करायचं? फासा वहीच्या कडेवर तिरका थांबला तर परत टाकायचा, हे आधी ठरवायचं, पडल्यावर नाही. आणि हरल्यावर हात मिळवताना चेहरा पडू द्यायचा नाही, त्याचा सराव मी लेकासमोर हरून करतेय, तो १६ वर्षांचा आहे आणि सध्या चारपैकी तीन डाव माझ्यावर जिंकतो.

ॲडेप्टिकॉन २००३ पासून शिकागोच्या आसपासच भरायचं, २०२५ ला मिलवॉकीला गेलं. तिथे खेळाच्या स्पर्धा असतात तशी रंगवायची पण मोठी स्पर्धा असते, गोल्डन डेमन नावाची, २०२३ पासून ती तिथे होते. काचेच्या कपाटासमोर माणसं तासन् तास उभी असतात, एका बोटाएवढ्या बाहुलीसमोर. ते बघताना मला दर वेळी पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्याची आठवण येते. तिथे मावळे रंगवणाऱ्यांचा हात पण असाच बसलेला असतो, फक्त त्यांचं नाव कोणी विचारत नाही.

तेव्हा संपादक महोदय, दिवाळीत तुम्ही किल्ला स्पर्धेचे फोटो छापता, किल्ला कोणाचा ते छापता, मंडळाचं नाव छापता. यंदा खाली एक ओळ वाढवा, मावळे कोणी रंगवले त्याची. आणि जमलं तर दादाला समजेल असं या खेळावर पण कधीतरी छापा.

लिस्ट द्यायची मुदत जवळ आलीय, माझे अजून आठ शिपाई आणि एक रणगाडा रंगवायचे बाकी आहेत, त्यामुळे पत्र इथेच थांबवते.

आपली,
एक वाचक, नेपरव्हिल (इलिनॉय)