पिपला कृतघ्न म्हणण्याआधी

पुणे, रविवार

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार.

डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' कादंबरी संपवलीस आणि तिच्या नायकावर, पिपवर, पत्रात केवढा भडकलास! बहिणीच्या नवऱ्यानं, ज्या ज्यो लोहारानं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्याचीच त्याला लाज वाटते, म्हणून तुझ्या लेखी तो कृतघ्न. अरे, पण ही लाज त्याला लावली कुणी? सॅटिस हाउसमध्ये, म्हणजे श्रीमंत मिस हॅविशॅमच्या वाड्यात, तिची मानलेली मुलगी एस्टेला त्याच्या राकट हातांना आणि जाड बुटांना हसते. तोवर आपल्या हातांची लाज वाटावी, हे त्या पोराच्या मनातही आलं नव्हतं.

डिकन्सनं हे भोगलं होतं. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात गेले आणि बारा वर्षांचा चार्ल्स आठवड्याला ६ शिलिंगांवर बूटपॉलिशच्या कारखान्यात बरण्यांना लेबलं चिकटवत होता. हे त्यानं जन्मभर जगापासून झाकून ठेवलं. १८७० मध्ये तो गेला, त्यानंतर मित्र जॉन फॉर्स्टरनं लिहिलेल्या चरित्रातून वाचकांना ते कळलं. एवढा लाडका लेखक, पण लहानपणी मजुरी केली हे सांगायची चोरी! माझ्या मते पिप तिथून आला.

त्या समाजाचे नियम तरी बघ. लंडनमधला मित्र हर्बर्ट पिपला सांगतो, पाव भाजणारा माणूस 'जंटलमन' होऊ शकत नाही, बिअर गाळणारा मात्र खुशाल होऊ शकतो. मिस हॅविशॅमचा बाप बिअरवालाच. का, ते हर्बर्टलाही माहीत नाही.

पण मला खरा चटका लावतो तो मॅग्विचचा, पिपनं लहानपणी मदत केलेल्या त्या पळालेल्या कैद्याचा, खटला. गुन्हा त्यानं आणि त्याचा साथीदार कॉम्पेसन यानं मिळून केलेला, बेत कॉम्पेसनचा. कोर्टात मात्र कॉम्पेसन उभा राहतो कुरळे केस, काळे कपडे, पांढरा रुमाल अशा थाटात, शिकलेला, चार बड्या लोकांच्या ओळखीचा. त्याला सात वर्षं, मॅग्विचला चौदा. न्यायाधीशाला कपडे दिसले! आणि पुढे याच मॅग्विचनं ऑस्ट्रेलियात मेंढ्या पाळून कमावलेल्या पैशावर पिप लंडनमध्ये साहेब होतो. त्या साहेबी थाटाखाली कुणाचा घाम आहे, हे डिकन्स असं उघडं करतो.

आता २७वं प्रकरण पुन्हा काढ. ज्यो लंडनला पिपच्या बिऱ्हाडी येतो. टोपी कुठे ठेवावी कळत नाही, ती सारखी पडते. ज्याला मांडीवर खेळवलं त्याला तो 'सर' म्हणतो. निघताना म्हणतो, आज काही चुकलं असेल तर माझंच, भट्टीपाशी मी बरा दिसतो, इथे नाही. चूक पिपची आणि ती ज्यो स्वतःच्या अंगावर घेतो! पिपला माफ कर असं मी म्हणत नाही, तो स्वतःही स्वतःला सोडत नाही. सगळी गोष्ट त्यानंच तर सांगितली आहे. पण जो समाज ज्योसारख्या माणसालाही मान खाली घालायला लावतो, त्याच्यावर तू तुझ्या पत्रात एक ओळही लिहिली नाहीस. ते प्रकरण वाचून सविस्तर लिही, वाट बघतो.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
माधव