राख-चुन्याचा सल्ला सोलापूरच्या मातीला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विजापूर रोडला माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे. आपल्या पुरवणीत परसबागेबद्दल जे छापून येतं ते आठवडाभरात गिऱ्हाइकाच्या तोंडून माझ्या काउंटरवर येतं, म्हणून हे पत्र. 'वाफा करताना दोन मुठी राख आणि थोडा चुना मिसळावा' हा सल्ला कोकणातल्या जांभ्या मातीला योग्यच आहे. तिथे धो धो पावसात चुना धुपून जातो आणि माती आम्लधर्मी होते. आपल्याकडे वर्षाला पाऊस पडतो साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर. काळ्या कातळापासून झालेल्या या मातीतला चुना वाहून जायचा कुठे? तो खाली साठतो. फूटभर खणलं की हरभऱ्याएवढे पांढरे खडे लागतात, त्यावर लिंबू पिळा, फसफसतं. अशा मातीचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी) मुळातच आठच्या पुढे असतो. त्यात राख टाकणं म्हणजे तो आणखी वर ढकलणं. नव्या बंगल्यांच्या बागेत तर गिलाव्याचा आणि सिमेंटचा राडारोडाही पुरलेला असतो.

परिणाम रोज मोबाइलवर बघतो. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा आली की घेवडा, टोमॅटो, मिरचीचे फोटो सुरू होतात. शेंड्याची कोवळी पानं पिवळीधमक, शिरा तेवढ्या हिरव्या, खालची जुनी पानं ठणठणीत. हा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, पण चुन्यामुळे ते मुळांना उचलता येत नाही. लोक मात्र पिवळं पान दिसलं की युरिया मागतात. नत्र कमी पडलं तर आधी खालची पानं पिवळी पडतात, शेंड्याची नव्हे. दुसरी चूक पाण्याची. झाड मलूल दिसतं म्हणून बोअरचं जड, क्षारांचं पाणी रोज ओततात, त्याने केवडा वाढतो.

मग येतो प्रश्न, 'सामू खाली आणायला गंधक द्या की!' गंधक मी विकतो, तरी आधी हिशेब सांगतो. एक किलो गंधक जेमतेम तीन किलो चुना संपवतं. एक चौरस मीटर वाफ्यात वीतभर खोलीपर्यंत सुमारे 200 किलो माती असते. तिच्यात 10 टक्के चुना धरला तर 20 किलो झाला, म्हणजे चौरस मीटरला सहा किलोच्या वर गंधक. एवढं कुणी घालत नाही आणि घालूही नये. जिप्समचंही तसंच. ते चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे, चुनखडीच्या जमिनीचं नव्हे.

माझं ठाम मत असं की सोलापूरकराने सामूच्या मागे लागूच नये. दर हंगामाला चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घालावं. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) थेट मातीत टाकलं तर वाया जातं, ते शेणखतात मुरवून द्यावं. केवडा दिसलाच तर लिटरला पाच ग्रॅम हिराकस आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, संध्याकाळी फवारायचं. द्रावण ताजंच करा. बोअरच्या पाण्यात केलेलं फिकट हिरवं द्रावण सकाळपर्यंत तांबूस गढूळ होतं, मग त्याचा उपयोग नाही. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर उत्तम. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, घ्यायचं तर पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या. ईडीटीए स्वस्त पडतं, पण आपल्या मातीत ते लोह धरून ठेवत नाही, फवारणीलाच बरं.

आणि भाज्या निवडून लावाव्यात. पालक, बीट, मेथी, गवार, शेवगा, कोबी इथे कुरकुर करत नाहीत. घेवडा नाजूक, तो शेणखत-कोकोपीटच्या कुंडीतच लावा.

आपल्या पुरवणीने पावसाळ्याआधी एक पान सोलापूरच्या मातीसाठी द्यावं. कोरडवाहू शेतीचं संशोधन आपल्या गावात 1933 पासून चालू आहे, माणसं शोधायला पुण्याला जावं लागणार नाही. कृषी खात्याकडेही एक मागणी आहे. 2015 साली आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, लोह, जस्त असे 12 घटक येतात, पण मुक्त चुना, म्हणजे मातीत साठलेली चुनखडी, त्यात नाही. या जिल्ह्यात तोच आकडा आधी हवा. तो अहवालात छापावा, आणि गुंठाभर परसबागेची माती घेऊन आलेल्या बाईंना 'सातबारा आणा' म्हणून परत पाठवू नये.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक,
विजापूर रोड, सोलापूर