सफारी की एक्सयूव्ही ७००? तिसऱ्या रांगेत बसून ठरव

पुणे, रविवार

प्रिय शेखर,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. दोन-तीन वर्षं वापरलेली, सात जणांची डिझेल ऑटोमॅटिक घ्यायची, आणि टाटाची सफारी की महिंद्राची एक्सयूव्ही ७०० यावर घोडं अडलंय, हे वाचलं. दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. पण तुम्ही सहा जण, त्यात आईंचे गुडघे दुखरे, आणि गणपतीला, मे महिन्यात कोल्हापूरहून आंबा घाट उतरून रत्नागिरीजवळच्या पालीला जायचं. या गरजेवर तोलल्या की दोघींत बराच फरक दिसतो.

इंजिनचं आधी उरकतो. सफारीचं दोन लिटरचं डिझेल १७० पीएस (ताकद) आणि ३५० एनएमचं (टॉर्क, म्हणजे ओढ). एक्सयूव्हीचं २.२ लिटरचं, वरच्या व्हेरियंटला १८५ पीएस, आणि ऑटोमॅटिकला ४५० एनएम. हा शंभर एनएमचा फरक रिकाम्या गाडीत शहरात जाणवणार नाही. सहा माणसं आणि सामान घेऊन साखरप्याकडून घाट चढताना मात्र नक्की जाणवेल. तिथे एक्सयूव्ही वरच्या गिअरमध्ये ओढत राहते, सफारीला एक गिअर खाली यावं लागतं. तरी सफारी कमी पडते असं समजू नकोस. दोन्हींना सहा गिअरची टॉर्क कन्व्हर्टर जातीची ऑटोमॅटिक आहे, हळू चढावर खांदे उडवत नाही. घाट उतरताना मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा-तिसरा गिअर धर. नुसत्या ब्रेकवर भरलेली गाडी उतरवली की डिस्क तापते, पेडल मऊ लागायला लागतं.

आता मुख्य गोष्ट, मागची रांग. कागदावरची लांबी बघून इथे काही कळत नाही. सफारी ४६६८ मिलिमीटर, एक्सयूव्ही ४६९५. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७४१ आणि २७५०. म्हणजे बाहेरून सारख्याच. फरक आहे मधल्या सीटमध्ये. एक्सयूव्ही ७०० ची मधली सीट पुढे-मागे सरकत नाही, फक्त पाठ कलते. त्यामुळे मागच्याला जागा हवी म्हणून मधल्याने चार बोटं पुढे सरकावं, ही सोयच नाही. सहा जणांच्या सफारीत मधल्या दोन स्वतंत्र खुर्च्या आहेत आणि त्या सरकतात. पुढचा बुटका असेल तर मधली खुर्ची पुढे घेऊन मागच्याला पाय मोकळे मिळतात. एक्सयूव्हीलाही स्वतंत्र खुर्च्या मिळतात, पण त्या २०२४ च्या मॉडेलपासून आल्या. २०२२-२३ ची घेतलीस तर मध्ये सलग बाक येणार.

बाक आला की अडचण कुठे होते ते सांगतो. मागे शिरायला डाव्या बाजूची मधली सीट उचलून उलटी करावी लागते. म्हणजे पेट्रोल पंपावर धाकट्याला खाली उतरायचं असेल तर आधी आईंनी उतरायचं, सीट उलटवायची, त्याने उतरायचं, आणि परतताना हे सगळं पुन्हा. मध्ये वाट असलेल्या सफारीत मुलं दोन खुर्च्यांमधून सरळ मागे जातात, आई जागच्या हलत नाहीत. सहा जणांच्या घरात मला ही एकच गोष्ट निम्म्या निर्णयाइतकी वाटते. बाकाचीच गाडी घेतलीस आणि पुढेमागे लहान बाळाची सीट बसवायची वेळ आली, तर ती ड्रायव्हरच्या मागे बसव. डावीकडे बसवलीस की उलटी होणारी सीट अडकली आणि मागची रांग बंद.

गाडी बघायला जाशील तेव्हा घरच्या सगळ्यांना घेऊन जा, आणि असं कर. आधी तू ड्रायव्हर सीट तुझ्या सवयीने लाव. मग तीच सीट तशीच ठेवून तिच्या मागे बस. गुडघा आणि सीटची पाठ यांत चार आडवी बोटं राहायला हवीत. मग मधली सीट न हलवता तिसऱ्या रांगेत जा आणि दहा मिनिटं बसून राहा. नुसतं डोकं छताला लागतं का एवढंच बघून उठू नकोस. तिसऱ्या रांगेत जमीन उंच आणि सीट खाली असते, म्हणून गुडघे वर येतात आणि मांड्या सीटवरून अधांतरी राहतात. तळहात मांडीखाली घालून बघ. सहज आत जात असेल तर मोठ्या माणसाला तासाभरात कंबर धरणार. मुलांच्या मांड्या आखूड, त्यांना एवढं जाणवत नाही. दोन्ही गाड्यांत मागे बसायला तुझी मुलंच योग्य, मोठं माणूस बसवायची वेळ आली तर मला सफारी बरी वाटते. दुपारी दोनच्या उन्हात एसी लावून मागच्या झरोक्यातली हवा तोंडावर येते का तेही बघ, कारण मागच्या काचा उघडत नाहीत.

धाकटा सहा वर्षांचा आहे ना? त्याला बूस्टर सीट लागेल, आणि तिला तीन बिंदूंचा पट्टा हवा. तिसऱ्या रांगेत बूस्टर ठेवून पट्टा लावून बघ. पट्टा खांद्याच्या मधोमध यायला हवा, गळ्यावर नाही. बूस्टरच्या बुडाखाली बकल दबत असेल तर मूल स्वतः पट्टा काढू-लावू शकत नाही.

सामानाचं दोन्हींत सारखंच रडगाणं. तिन्ही रांगा उभ्या असताना मागे किराण्याच्या दोन पिशव्या आणि एखादी सॅक, बस. सहा जणांचं आठ दिवसांचं सामान छतावर बांधावं लागणार, तेव्हा पुस्तिकेत छतावर किती किलो चालतात ते बघूनच आडव्या दांड्या घे. आंब्याच्या पेट्या छतावर, कपड्यांच्या बॅगा खाली असं करू नकोस. जड खाली, हलकं वर. भरलेल्या गाडीसाठी टायरमध्ये हवा वेगळी लागते. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या तक्त्यात भाराचा आकडा दिलेला असतो, तेवढी भर.

आणखी एक. सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते. माणसं मागे बसली की वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात, आणि जांभ्याच्या ओल्या चढावर ती जागच्या जागी फिरतात. एक्सयूव्हीच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्ये वरच्या व्हेरियंटला चारही चाकांना जोर मिळतो. तुमच्या पालीच्या घरापर्यंत डांबर असेल तर त्याचे जादा पैसे आणि जादा डिझेल वाया. शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा चढ असेल, तर मात्र माझं मत एक्सयूव्हीकडे झुकेल.

सुरक्षेचे तारे दोघींनाही पाच आहेत, पण परीक्षा एक नाही. एक्सयूव्हीला ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणीत २०२१ साली मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार मिळाले. नव्या रूपातल्या सफारीला २०२३ मध्ये दोन्हींसाठी पाच, आणि ते २०२२ नंतरच्या कडक नियमांनुसार. तिने त्याच वर्षी भारत एनकॅपमध्येही पाच मिळवले. जुन्या रूपातली सफारी दाखवून विकणारा हे तारे सांगेल, तर ते तिचे नाहीत. एक्सयूव्हीच्या खालच्या एमएक्स व्हेरियंटला दोनच एअरबॅग होत्या. आई-दादा मध्ये बसणार, मुलं मागे, तेव्हा खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेलीच घे.

सफारी बघितलीस तर ऑक्टोबर २०२३ नंतरचीच बघ. त्याआधी स्टिअरिंग हायड्रॉलिक होतं, कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत वळवताना हात भरून येतो. नव्या रूपात इलेक्ट्रिक आलं. डाव्या गुडघ्याला मधला कन्सोल घासतो का ते तुझ्या उंचीने बसून बघ. आणि रुंदी १९२२ मिलिमीटर आहे, आरसे सोडून. एक्सयूव्ही १८९०. तुझ्या फाटकाला टेप लाव, आरसे उघडे धरून, आणि दादांना दरवाजा पूर्ण उघडून उतरता येईल एवढी जागा एका बाजूला ठेव.

आता वापरलेली गाडी तपासताना काय बघायचं ते.

डिझेलचा खरा शत्रू म्हणजे छोट्या फेऱ्या. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते. ती जळायला एक्झॉस्ट सहाशे अंशांच्या आसपास तापावा लागतो आणि त्यासाठी वीसेक मिनिटं सलग चालवावी लागते. शाळा-भाजी-बँक अशा तीन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते काम अर्धवट सुटतं. प्रत्येक वेळी सोडलेलं जादा डिझेल न जळता ऑइलमध्ये उतरतं. म्हणून सपाट जागी, इंजिन थंड असताना ऑइलची कांडी काढ, पुसून पुन्हा घाल, मग बघ. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि बोटावर ऑइल पाण्यासारखं पातळ, डिझेलच्या वासाचं लागत असेल, तर ती गाडी शहरातच घुसमटलेली आहे. सोडून दे. तुझ्याकडे आल्यावर तूही आठवड्यातून एकदा हायवेला अर्धा तास काढ.

एक्सयूव्हीला डिझेलसोबत डीईएफची वेगळी टाकी आहे. म्हणजे युरियाचं ३२.५ टक्के द्रावण. झाकणाभोवती पांढरे खडे जमलेत का बघ. संपत आलं की गाडी किलोमीटर मोजून इशारा देते, आणि पूर्ण संपल्यावर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. पंपावर पोऱ्याच्या हातून ते डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू करू नकोस, ढकलून बाजूला घे आणि टाकी रिकामी करून घे. चालू केलीस की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात.

तसंच जून २०२१ ते जून २०२३ मधल्या एक लाखाहून जास्त एक्सयूव्ही इंजिनाजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. चासिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून ते काम झालंय का हे लेखी घे.

काचांच्या कोपऱ्यातले छाप वाच. सगळ्यांवर एकच साल असायला हवं. पुढची काच वेगळ्या सालाची असेल तर ती बदललेली आहे, आणि तिच्यामागे कॅमेरा असेल तर तो पुन्हा जुळवून घेतल्याची पावती माग. बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा (अपघाताची शंका), सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढल्यावर तळाशी मातीची रेघ (पुराची शंका), हेही बघ. २०२१ च्या फेब्रुवारी ते जुलै दरम्यान विकली गेलेली सफारी चिपळूणच्या पुरात सापडलेली असू शकते, म्हणून स्वस्त मिळाली तरी तिच्याकडे जाऊ नकोस.

किमतीचं बोलताना एक लक्षात ठेव. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर पन्नास टक्क्यांच्या आसपास होता तो चाळीसवर आला. नवी स्वस्त झाली म्हणजे जुनीही उतरायला हवी. विकणारा जुन्या बिलाचा आकडा पुढे करेल, तू आजच्या नव्या गाडीच्या भावावरून खाली ये. एमएच पासिंगचीच घे, परराज्याची असेल तर एनओसी आणि इथला कर पुन्हा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५, हे हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नकोस. विमा चौदा दिवसांत नावावर कर. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो तुझ्या हिशेबात धरू नकोस.

तर माझं म्हणणं असं: ऑक्टोबर २०२३ नंतरची, सहा जणांची, ऑटोमॅटिक सफारी आधी शोध. ती मिळाली नाही, किंवा पालीचा चढ कच्चा निघाला, तर २०२४ ची स्वतंत्र खुर्च्यांची एक्सयूव्ही. आईंना दोन्हींत दोनदा चढायला-उतरायला लाव आणि कुठे हात धरावा लागतो ते बघ. पायरी उंच वाटली तर बाहेर फूटबोर्ड लावू नकोस, कच्च्या रस्त्यावर तो खाली घासतो. लाकडी पाट गाडीतच ठेव.

ऑइलच्या कांडीचा फोटो आणि चासिस नंबर पाठव, म्हणजे मी सर्व्हिसच्या नोंदी बघून सांगतो.

आई-दादांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय