'फरक ओळखा' शेजारी शेजारी छापा

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतल्या 'फरक ओळखा'बद्दल लिहितोय. आधी ती दोन चित्रं शेजारी शेजारी यायची, गेले दोनेक महिने बाजूला जाहिरात घुसल्यामुळे की काय एकाखाली एक यायला लागलीत. तुम्हाला वाटेल ह्यात काय एवढं, चित्रं तीच, फरक तेच. पण आमच्या घरी त्यावरून दर रविवारी पेपरची ओढाओढ होतेय म्हणून हे पत्र.

आमच्यात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. माझं आयुष्य बँकेत आकडे ताडून बघण्यात गेलं, त्यामुळे मी वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करतो, मनातल्या मनात चौकोन पाडतो आणि पेन्सिलीने टिक करत खाली येतो. हळू होतं, पण सहसा काही सुटत नाही. बायकोला हे कंटाळवाणं वाटतं, ती चित्राची गोष्टच करते, "ही बाजारात निघालीये ना, मग पिशवी कुठाय हिची?" आणि खरंच खालच्या चित्रात पिशवी नसते! पण ढगाचा आकार, पत्र्यावरच्या रेघा असले फरक तिला जन्मात सापडत नाहीत, गोष्टीत त्यांचं कामच नसतं ना.

मुलगी तर माझ्या मते चीटिंग करते. डोळे तिरळे करून दोन चित्रं एकावर एक आणते, मधोमध तिसरं चित्र तयार होतं आणि जिथे फरक असेल तिथे ते लुकलुकतं, कारण एका डोळ्याला शर्टाचं बटण दिसतंय आणि दुसऱ्याला नाही, मेंदूने ऐकायचं कुणाचं. दहाच्या दहा फरक अर्ध्या मिनिटात. मला हे जमायला चार रविवार लागले, डोकं दुखलं ते वेगळंच. पण आपले डोळे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे चित्रं वरखाली आली की ही युक्ती चालत नाही, मग ती पेपर आडवा फिरवते. आणि नेमकं तेव्हाच माझ्या वडिलांना तो उलटा हवा असतो.

वडील गिरगावात छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे जुळवताना ओळ उलटीच वाचावी लागायची, ती सवय अजून गेली नाही. ते म्हणतात सुलटं धरलं की "हे घर, हा कुत्रा" म्हणून नजर पुढे घसरते, उलटं धरलं की नुसत्या रेघा उरतात, मग चूक लपत नाही. मलाही पटतं ते, कारण एका चित्रावरून दुसऱ्यावर नजर नेईपर्यंत तीनचारच गोष्टी डोक्यात टिकतात, बाकीचं बघितलंय असं आपल्याला नुसतं वाटत असतं.

भाचा स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलाय, त्याच्या बुद्धिमत्ता चाचणीत आरशातली प्रतिमा, पाण्यातलं प्रतिबिंब, फिरवलेल्या आकृत्या असतात. १९७१ मध्ये अमेरिकेत शेपर्ड आणि मेट्झलर ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून ह्या सारख्या आहेत का ते विचारलं होतं, तर आकृती जितकी जास्त फिरलेली तितका उत्तराला जास्त वेळ, म्हणजे माणसं ती मनातल्या मनात खरंच फिरवत होती. आमचा पठ्ठ्या मात्र फिरवतच नाही, एक कोपरा पकडतो, त्यावरचा ठिपका कुठल्या बाजूला गेला तेवढंच बघतो आणि तीन पर्याय खोडून मोकळा. क्लासच्या सरांना ही पद्धत चालत नाही म्हणे. का चालत नाही देव जाणे, उत्तर तर बरोबर येतं.

म्हणून साहेब दोन विनंत्या. चित्रं परत शेजारी शेजारी छापा, जाहिरात खाली सरकवा. आणि "१० सेकंदांत ओळखलंत तर तुम्ही जीनियस" ही ओळ काढून टाका. दहा सेकंदांत माझा अजून पहिला चौकोनसुद्धा होत नाही, आणि वडिलांना तर चष्मा शोधायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

जाता जाता, गेल्या रविवारी उत्तरात दहा फरक दिले होते, वडिलांनी अकरा काढले. अकरावा म्हणजे खालच्या चित्रात छत्रीचा लाल रंग रेघेबाहेर गेलाय तो. "हा चित्रकाराचा नाही, मशीनवरचा आहे" म्हणून त्यांनी त्याला वेगळा गोल केलाय. तो धरायचा की नाही तेवढं कळवा, घरात पैज लागलीये.

आपला,
एक वाचक, भांडुप