अंगणवाडीत लेकराला ताप आला तर काय करायचं, ते लिहून द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,
स.न.वि.वि.

गेल्या गुरुवारी माझ्या साडेतीन वर्षांच्या लेकीला अंगणवाडीत तापाचा झटका आला. मी तेव्हा तासगावजवळच्या बागेत द्राक्षाच्या विरळणीला होते. मुकादमाच्या फोनवर निरोप आला, तशी हातातली कात्री टाकून पळाले. पोचले तर पोरगी मदतनीसबाईंच्या मांडीवर निपचित. दातांत चमचा कोंबलेला, हिरडीतून रक्त, उशाला चप्पल आणि फोडलेला कांदा.

सेविकाताई बैठकीला गेलेल्या. मदतनीसबाई एकट्या, 27 मुलं आणि शेगडीवर खिचडी. त्यांच्यावर माझा राग नाही, त्या स्वतः थरथरत होत्या. झटका आलेल्या मुलाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबलं नाही तर 108 ला फोन लावायचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मलाही ते दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं.

औषधपेटी मी स्वतः उघडून बघितली. तापाच्या औषधाची बाटली रिकामी, थर्मामीटर नाही, ओआरएसचं एक पाकीट नाही. जूनमध्ये गावात आलेले साहेब सगळ्या बायांसमोर म्हणाले होते, महिन्याभरात पेटी भरून देतो. द्राक्षाची छाटणी झाली, विरळणी आली, पेटी तशीच आहे.

आता माझी चूक सांगते. सकाळी तिचं अंग कोमट लागत होतं. मला कळत होतं, तरी सोडली. एक खाडा झाला की 400 रुपये जातात आणि मुकादम दुसऱ्या दिवशी दुसरी बाई आणतो. वाडीतल्या निम्म्या पोरांच्या हातापायांवर, तोंडात फोड आलेत. तीही रोज येतात, कारण त्यांच्या आयाही माझ्यासारख्याच बागेत असतात. रात्री माझी लेक झोपेत दचकली की मी अजून उठून तिच्या छातीवर हात ठेवून बघते.

म्हणून मागते ते ऐका. प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर आजारपणाचा नियम लावा. औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच मूल परत येईल. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी, गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस घरी. जुलाब झाले तर ओआरएस आणि झिंक कुठून मिळेल तेही त्यावर असू द्या. आणि त्या दिवसांची मजुरी आईला कोण देणार, हेही त्याच कागदावर लिहा. ते लिहिलं नाही तर बाकीचा नियम आम्हाला पाळता येणार नाही.

अंगणवाडीची ही योजना, म्हणजे एकात्मिक बालविकास सेवा, 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे आजारी मुलाला पुढच्या दवाखान्यात पाठवणं, तिच्या सहा सेवांमध्ये आहेत. तपासणीचं पथक वर्षातून दोनदा येतं. पोरं काय त्या दोन दिवशीच आजारी पडतात? पोषण ट्रॅकरवर, म्हणजे मोबाइलातल्या सरकारी ॲपवर, वजन-उंची भरायला ताईंचा अर्धा दिवस जातो. माझ्या मुलीचं वजन तुम्हाला मुंबईत दिसतं, तिचा ताप कुणाला दिसला नाही. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं. आमच्या टोळीत 12 बाया. एका बागेत कधी 50 होणार आम्ही? कायदा करताना शेतात राबणारी आई कुणाच्या डोळ्यांसमोर आलीच नाही. मतं मागायला मात्र तुमची माणसं बांधावर चिखल तुडवत येतात, तेव्हा आम्ही किती जणी आहोत ते नीट मोजतात.

डॉक्टरांनी आठवडाभर घरी ठेवायला सांगितलंय. चार दिवस ठेवली. सोमवारी बागेत डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवायचं काम, सुरू होतंय, मला जावंच लागणार आणि तिला तिथंच सोडावं लागणार. त्याआधी निदान एक थर्मामीटर आणि तापाच्या औषधाची बाटली तरी पाठवा.

आपली,
एक आई
ता. तासगाव, जि. सांगली