भाच्यासाठी धावलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

आमच्या भाच्याच्या दोन्ही किडन्या निकामी, जळगावला डायलिसिस चालू आहे. मागच्या आठवड्यात त्याला डांबरासारखी काळी शी झाली आणि डायलिसिसच्या सिस्टरने बघताबरोबर डॉक्टरांना बोलावलं, पोटात रक्तस्राव होता. रक्तात युरिया (किडनीने बाहेर टाकायची घाण) वाढला की प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, रिपोर्टमध्ये बरोबर दिसल्या तरी नीट काम करत नाहीत, हे सिस्टरनीच आम्हाला बसवून समजावलं, आणि त्यादिवशी हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, न देताच डायलिसिस केलं (अशा लेकरांना मनाने ब्रुफेन ही दुखण्यावरची गोळी अजिबात देऊ नका हो). सिस्टर, तुमचे उपकार कसे फेडू! अन् एवढ्या उन्हात भुसावळहून रक्त द्यायला आलेले ते दोघं भाऊ, चहासुद्धा न घेता गेले, नाव सांगितलं नाही. भाऊंनो, पोरगं आता वरणभात खातंय, खूप खूप आभार तुमचे.